गिरिजाअक्का आणि अडकलेले कॅमेरे

गिरिजाअक्कांसमोर कोणी अडकलेला कॅमेरा ठेवला, की त्या आधी दोन्ही हात पदराखाली घ्यायच्या. कॅमेऱ्याकडे बघायच्याच नाहीत. बघायच्या आणणाऱ्याच्या तोंडाकडे.

"शेवटचं काय केलतास?"

याचं सरळ उत्तर मिळेपर्यंत हात बाहेर येत नसत. बहुतेकांचं उत्तर एकच असायचं: काही नाही अक्का, आपोआप अडकला. यावर अक्का समोरच्या बाकाकडे बोट दाखवायच्या. आठवेपर्यंत बसा, असा त्याचा अर्थ. त्या बाकावर मी वकील बसलेले पाहिले आहेत, पोलीस पाहिले आहेत, आणि एकदा ऐन मुहूर्तावरून पळत आलेला, डोक्याला मुंडावळ्या बांधलेला नवरदेवाचा भाऊही पाहिला आहे. त्याला मुंडावळ्या का बांधल्या होत्या हे मात्र शेवटपर्यंत कळलं नाही.

अक्कांना जाऊन वर्ष होत आलं. मी मुद्दे काढून लिहिणारी बाई आहे; कोणतंही काम हातात घेतलं की आधी यादी करते. अक्कांबद्दल लिहायचं ठरवल्यावर यादी केली तेव्हा त्यांच्या आयुष्यातल्या तारखा फारशा माहीत नाहीत असं लक्षात आलं. सवयी मात्र पुष्कळ माहीत आहेत. तेव्हा त्याच लिहिते.

लातूरला गंजगोलाईजवळच्या एका गल्लीत अक्कांचा आणि त्यांच्या यजमानांचा, शिवलिंगअप्पांचा, फोटो स्टुडिओ होता. नोकरीच्या सुरुवातीला मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होते. अप्पा लग्नं-बारसी फिरायचे, अक्का दुकान सांभाळायच्या. डार्करूमही त्यांचीच, आणि दुरुस्तीही. वडील उदगीरला घड्याळं दुरुस्त करायचे, त्यामुळे बारीक हत्यारं लहानपणापासून त्यांच्या हातातली. ठेंगणा बांधा, जाड भिंगाचा चष्मा, कपाळावर विभूतीच्या आडव्या रेघा, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. सकाळची पूजा झाल्याशिवाय चहा नाही, आणि चहा झाल्याशिवाय कोणाशी बोलणं नाही. गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी ते उभंच.

एकदा मी त्यांना विचारलं, की माणसाची उलटतपासणी कशाला घेता, कॅमेरा उघडा ना सरळ. त्या म्हणाल्या, "अडकला म्हंजे बिघडला न्हाई. रोल संपला तरी अडकतो. बटण दाबायचं राहिलं तरी अडकतो. अडकलेल्याला मानसं वडतात, मंग बिघडतो. वडलं का न्हाई, तेवढं मला आधी कळाया पायजे. अन् वडलं म्हणून कोणी सांगत न्हाई."

औशाचा एक लग्नाचा फोटोग्राफर होता, जाधव. त्याचा कॅमेरा थंडीच्या दिवसांत सकाळच्या मुहूर्तांना अडकायचा आणि दुपारी आपला आपण सुरू व्हायचा. देवाधर्माचं सगळं करून झालं, कॅमेऱ्याला लिंबू-मिरची बांधून झाली, तेव्हा तो अक्कांकडे आला. शेवटचं काय केलं होतं? काही नाही. कोणाला दिला होता? कोणाला नाही. अक्कांनी त्याला बाकावर बसवलं आणि त्या भाजी निवडायला लागल्या. जेवणाची वेळ होत आली तेव्हा त्यांनी विचारलं, घरी डोक्याला कोणतं तेल लावता? जाधव म्हणाला, खोबरेल. अक्का म्हणाल्या, "अन् कॅमेऱ्याला?"

जाधव उठूनच उभा राहिला. कुरकुर आवाज येत होता म्हणून त्याने कॅमेऱ्यात बायकोच्या बाटलीतलं खोबरेल तेल सोडलं होतं. थंडीत ते गोठायचं, ऊन चढलं की पातळ व्हायचं. अक्कांनी कॅमेरा नाकाशी धरला आणि म्हणाल्या, "वास तर लई चांगला येऊन राहिला. वेणी घालू का याची?" औशात ही गोष्ट जाधवच्या आधी पोचली. पुढे कितीतरी दिवस लोक त्याला लग्नात विचारायचे, कॅमेऱ्याचं न्हाणं झालं का.

अक्का अशा दुसऱ्यांकडून कबूल करून घ्यायच्या, पण स्वतः काही कबूल करण्याच्या बाबतीत त्यांचा उजेडच होता. आमटी खारट झाली तर मीठच आजकाल जास्त खारट येतं. सोलापूरच्या ऐवजी निलंग्याच्या गाडीत बसल्या तर पाटी लावणाऱ्याची चूक. दुरुस्ती करून कॅमेरा बंद केला आणि टेबलावर एखादा स्क्रू उरला, तर कंपनीने तो जास्तीचा घातला होता. असे जास्तीचे स्क्रू ठेवायला त्यांनी बरणी केली होती. अप्पा पाहुण्यांना ती बरणी मुद्दाम दाखवायचे आणि म्हणायचे, यातून एक अख्खा कॅमेरा होईल. अक्का म्हणायच्या, "तुमच्या कॅमेऱ्यापेक्षा चांगला चालंल."

पण या दोघांचं एक भांडण मी ऐकलं आहे, ते थट्टेतलं नव्हतं.

तेव्हाच्या लग्नांत एक रीत होती. रोल महाग, आणि फोटो काढा म्हणून मागे लागणारी माणसं फार. अशांना उभं करायचं, हसा म्हणायचं आणि नुसता फ्लॅश उडवायचा. आत काही उमटत नाही. याला खाली, म्हणजे रिकामा, फ्लॅश म्हणत. सगळेच फोटोग्राफर मारत. पुढे कोणी फोटो मागायला आलं, तर ठरलेलं उत्तर असायचं, कॅमेरा अडकला होता. अप्पाही तेच सांगत.

एका लग्नात अप्पांनी मुलीच्या चुलत आजोबांवर असाच खाली फ्लॅश मारला. म्हातारा फेटा बांधून, काठी बाजूला ठेवून ताठ उभा राहिला होता. काही महिन्यांनी तो वारला आणि घरचे लोक तो फोटो मागायला आले. दुसरा फोटोच नव्हता. अप्पांनी ठरलेलं उत्तर दिलं. माणसं हळहळून निघून गेली. अक्का आतून हे ऐकत होत्या.

त्या दिवशी वरच्या मजल्यापर्यंत आवाज येत होता. अक्कांचं म्हणणं एवढंच, की कॅमेऱ्यावर कामून ढकललं? तो तर चालू होता. अप्पा म्हणत होते, खरं सांगून त्या लोकांचं काय भलं होणार आहे. दुसऱ्या दिवशी अक्का स्वतः त्या घरी गेल्या आणि दारातच सांगितलं, की फोटो काढलाच नव्हता, नुसता फ्लॅश उडवला, आम्ही फसवलं. शिव्या खाऊन परत आल्या. दुकानाची दोन-चार लग्नंही त्यामुळे गेली. त्यानंतर अप्पांनी खाली फ्लॅश मारला नाही. मारला असेल तर निदान अक्कांना कळू दिलं नाही.

पुढे माझी बदली नांदेडला झाली. डिजिटल आलं, मोबाइल आले, अप्पा गेले. लातूरच्या दुकानात मुलाने मोबाइलची कव्हरं विकायला ठेवली. अक्का नांदेडला मुलीकडे, तरोड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या. येताना सगळं सोडलं. एक लोखंडी पेटी मात्र सोबत आणली आणि खाटेखाली सरकवून ठेवली. तिच्यात हत्यारं होती, रोल धुवायचा झाकणाचा डबा होता आणि एक काळी पिशवी होती. जाड काळ्या कापडाचे दोन थर एकावर एक शिवून अक्कांनी ती स्वतः बनवली होती. तिला दोन बाह्या होत्या, मनगटाशी इलॅस्टिक. कॅमेरा आत ठेवून चेन लावायची, बाह्यांतून हात घालायचे, आणि भर दुपारी अंधारात काम करायचं. त्यांच्या मुलीला, महानंदाला, ती पेटी म्हणजे अडगळ वाटायची. नजर गेली, हात थरथरतो, आता हे कोणाला तरी देऊन टाक, असं ती आईला अधूनमधून सांगायची. अक्का तेवढ्यापुरत्या बहिऱ्या व्हायच्या.

माझ्या कार्यालयात मिलिंद नावाचा एक लिपिक आहे. मुदखेडहून रोज रेल्वेने येतो. त्याचं आणि त्याच्या आईवडिलांचं नाव मी इथे बदललं आहे. का ते पुढे कळेल. त्याचे वडील, भीमराव, मुदखेडला रेल्वेत होते. मिलिंद अगदी लहान असतानाच ते वारले. त्यांचा एक जुना कॅमेरा घरी होता. तो अडकलेला होता आणि आई तो ना कोणाला देऊ द्यायची ना दुरुस्तीला नेऊ द्यायची. मी अक्कांबद्दल बोलले तेव्हा मात्र आईच तयार झाली. एका रविवारी दुपारी दोघं आले, मी त्यांना तरोड्याला घेऊन गेले.

मिलिंदची आई, शेवंताबाई, खुर्चीवर न बसता खाली सतरंजीवर बसल्या. मिलिंदने पिशवीतून कॅमेरा काढून टेबलावर ठेवला. अक्कांचे हात पदराखाली गेले.

"शेवटचं कोणी धरलता?"

"बाबांनी," मिलिंद म्हणाला. तो घाईत होता. त्याने सांगितलं, की रोल सरकवायचा वरचा खटका पुढे ओढता येत नाही, बटण दबत नाही. रोल परत गुंडाळायची बारकी मूठ मात्र मोकळीच फिरते, म्हणजे आत रोल नसावाच. त्याने ती फिरवूनही दाखवली.

"मागचं झाकण उघडलंस का कधी?"

"नाही."

अक्का त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांनी बाकाची खूण केली असती, पण फ्लॅटमध्ये बाक नव्हता. तेवढ्यात शेवंताबाई खालून म्हणाल्या, "त्यायनं न्हाई. शेवटचा म्या धरलता."

मिलिंदने आईकडे बघितलं. हे त्यालाही नवीन होतं.

मग त्यांनी सांगितलं ते असं. जयंतीचा दिवस होता. भीमराव सकाळपासून सगळ्यांचे फोटो काढत होते. त्यांना फोटोचा फार नाद. वस्तीतल्या प्रत्येकाचा फोटो त्यांनी काढलेला, पण त्यांचा स्वतःचा एकही नाही. त्या दिवशी म्हणाले, शेवंता, आज तू माझा काढ. कसा काढायचा ते शिकवलं आणि क्वार्टरच्या दारापुढे पांढरा सदरा घालून उभे राहिले. एक काढून झाल्यावर दुसरा काढावा म्हणून शेवंताबाईंनी खटका ओढला. तो अडला. त्यांना वाटलं, आपला जोर कमी पडला. दोन्ही अंगठे लावून ओढला, तेव्हा आतून कट् असा आवाज आला.

"त्यायनं हातातून घेतला, बघितला अन् कपाटात ठेवला. येक शब्द बोलले न्हाईत. लातूरला दाखवून आणतो म्हणले. अन् त्याच महिन्यात गेले. रागावले असते तर बरं झालं असतं. म्या मोडला त्यांचा कॅमेरा."

भीमरावांचा एकच फोटो घरी आहे. मी तो नंतर पाहिला. रेल्वेच्या पासावरचा मोठा करून भिंतीला लावला आहे. चेहरा पुसट, आणि खांद्यावर अर्धा शिक्का.

अक्का शेवंताबाईंकडे वळल्या. मग त्यांनी विचारलं, "आधी बटण दाबलंस का आधी वडलंस?"

"दाबलं. मंग वडलं."

"दाबल्याचा आवाज आला?"

"आला की. म्हणून तर फुडचं वडाया गेले."

अक्कांचे हात बाहेर आले. त्यांनी कॅमेरा उचलला, मूठ फिरवून बघितली आणि म्हणाल्या, "हे बग शेवंता. तू कायबी मोडलं न्हाई. रोल संपलता. तू वडलं तवा त्याचं टोक आतल्या नळकांड्यातून निसटून गुतलं, त्याचा तो कट्. म्हणून ही मूठ मोकळी फिरून राहिली. रोल आतच हाय. अन् तू आधी दाबलं आसंल, तर तुझा मालक बी आतच हाय."

अक्कांनी काळी पिशवी काढली, कॅमेरा आणि डबा आत ठेवला. पिशवी मांडीवर घेऊन, बाह्यांत हात घालून त्या बसल्या आणि शेवंताबाईंशी गप्पा मारायला लागल्या. मुदखेडला आता किती गाड्या थांबतात, अर्धापूरची केळी खातेस का, सून कशी आहे. काळ्या कापडाखाली बोटं हलताना दिसत होती. रोल डब्यात गेला, झाकण लागलं, मग कॅमेरा बाहेर आला. अक्कांनी तो शेवंताबाईंच्या हातात दिला.

"वड आता."

शेवंताबाईंनी हात मागे घेतला. अक्का म्हणाल्या, वडून तर बघ. त्यांनी एका अंगठ्याने खटका ओढला. तो सरळ पुढे गेला. बटण दाबलं, खट् झालं. त्यांनी पुन्हा ओढला, पुन्हा दाबलं. असं त्या बराच वेळ करत होत्या आणि कोणी त्यांना थांबवलं नाही.

रोल धुवायला औषध हवं होतं. ते आता फोटोवाल्यांकडे मिळत नाही. अक्का म्हणाल्या, एक्स-रेवाल्यांचं चालतं. कार्यालयातून येताना मी ते मिळवलं आणि पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा जमलो. रोल रंगीत होता, या औषधाने फोटो काळे-पांढरे येणार होते. "रंग जाऊ दे, मानूस येऊ दे," शेवंताबाई म्हणाल्या. डबा हलवणं, पाणी ओतणं सगळं अक्कांनी न्हाणीघरात स्टुलावर बसून केलं. मग ओला रोल चिमटा लावून दोरीला टांगला.

शेवंताबाई महानंदाला भाकरी करू लागायला आत गेल्या होत्या. अक्कांनी रोल खिडकीकडे धरला आणि वरून खाली बघत आल्या. वरच्या भागात चित्रं होती. निगेटिव्हवरही माणसं कळत होती. मधून पुढे कडा काळ्या व्हायला लागल्या. शेवटचा तुकडा संपूर्ण काळा होता, डांबर लावल्यासारखा.

अक्कांनी चष्मा वर केला. शेजारी मी आणि मिलिंदच होतो. हळू आवाजात त्यांनी त्याला विचारलं, "कवा उघडलतास?"

मिलिंदने आधी मान हलवली. मग म्हणाला, दिवाळीची साफसफाई करताना. मूठ मोकळी फिरली म्हणून रिकामा वाटला. झाकण उघडलं, आत रोल दिसला, लगेच लावून टाकलं. "लगेच, अक्का. श्वास घेण्याइतका बी वेळ न्हाई."

तेवढा पुरतो. कॅमेऱ्यात शेवटी काढलेला फोटो सगळ्यात बाहेर असतो, उजेड त्यालाच आधी लागतो. भीमरावांनी काढलेले आतले फोटो वाचले होते. शेवंताबाईंनी काढलेला एकच गेला होता.

"आईला..." असं म्हणून मिलिंद थांबला.

अक्कांनी चष्मा खाली घेतला. मला वाटलं, आता त्या त्याला आईसमोर उभा करतील. ज्या बाईने स्वतःच्या नवऱ्याचं खोटं लोकांच्या दारात जाऊन सांगितलं, तिच्याकडून दुसरी अपेक्षा नव्हती. शेवंताबाई पदराला हात पुसत आल्या आणि रोलखाली उभ्या राहिल्या.

"निघाले का?"

"तुझे निघाले," अक्का म्हणाल्या. "त्याचा गेला."

"कामून?"

"माझ्या हातानं. पिशवीत रोल निसटला. धराया गेले अन् बाही मनगटावरून सरकली. उजेड गेला आत."

मी मिलिंदकडे बघितलं नाही. स्वयंपाकघरातून महानंदाने ऐकलं होतं. ती हातातलं काम टाकून दारात आली आणि आईला बोलायला लागली. कितीदा सांगितलं, आता होत नाही तुझ्याच्यानं, लोकांच्या वस्तू कशाला घेतेस, त्या माऊलीचा एकुलता एक फोटो होता. जे खरं वाटत होतं तेच ती बोलत होती. अक्का भिंतीला टेकून ऐकत होत्या.

मी मोबाइलवर रोलचे फोटो घेतले. काळ्याचं पांढरं करायची सोय मोबाइलमध्ये असते. एकेक चित्र शेवंताबाईंना दाखवलं. मिरवणुकीतला बँड. कडेवर लहान मिलिंद, त्याच्या हातात जयंतीचा झेंडा. क्वार्टरपुढे मिरच्या वाळत घालणारी, मान वळवून बघणारी तरुण शेवंता. बाजेवर बसलेली शेवंता. हसू दाबून उभी असलेली शेवंता. बऱ्याच फोटोंत त्याच होत्या.

"माझेच काढून राह्यले व्हते व्हय," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी रोलचा शेवटचा काळा तुकडा बोटांत धरला, उजेडाकडे केला, आणि सोडून दिला. अक्कांच्या शेजारी जाऊन बसल्या. अक्कांचा हात हातात घेतला.

"राहू द्या अक्का. वय झालं. मानसाचा हात हाय, चुकतो."

"हाव," अक्का म्हणाल्या. "चुकला."

मिलिंद खिडकीतून खाली बघत होता. मग तो आईला घेऊन मुदखेडच्या गाडीला निघाला. नंतर कार्यालयात आम्ही या विषयावर कधी बोललो नाही.

मी थोडा वेळ मागे थांबले. महानंदाने एक खोकं आणलं. डबा, औषधाच्या बाटल्या, पिशवी भराभरा त्यात टाकली आणि पेटी काढायला खाली वाकली. अक्का खाटेवर बसल्या होत्या. त्या आता ओरडतील म्हणून मी दारातच उभी राहिले. पेटी अक्कांच्या पायांमागे होती.

अक्कांनी पाय वर घेतले.